तबल्याची खोली उघडा: शाळेच्या नियामक मंडळाला एका पालकाचे खुले पत्र

सांगली, 28 ऑगस्ट 2021

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि नियामक मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सादर नमस्कार.

17 ऑगस्टला दुपारी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आपली सूचना आली. 'आर्थिक अडचणीमुळे संगीत, चित्रकला, बालनाट्य व मल्लखांब हे उपक्रम चालू वर्षापासून बंद करण्यात येत आहेत. पालकांनी सहकार्य करावे.' एवढेच. त्या गटावर पालकांना उत्तर लिहिता येत नाही. मी 19 तारखेला कार्यालयात लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. या विषयावरचा माझा तो तिसरा अर्ज. त्यालाही उत्तर आले नाही, म्हणून आता हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहे. शाळेचे नाव मी लिहीत नाही. मी स्वतः तिथे शिकलो, माझा मुलगा तिथून गेल्या वर्षी दहावी झाला, मुलगी तिथे आठवीत आहे. शाळेला कमीपणा यावा असे माझ्या मनात काही नाही. माझे नावही लिहिले तर शाळा ओळखू येईल, म्हणून तेही इथे देत नाही. अर्जांवर ते आहे.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हळदीचा हंगाम ऐन भरात होता. सौदे बंद पडले आणि तीन महिने माझा पगार निम्मा झाला. अडचण म्हणजे काय ते मला कोणी समजावून सांगायला नको. शाळेने कोरोनाच्या साथीत दोन शिक्षक गमावले, त्यांतल्या एकांनी मलाही शिकवले होते. वेतनेतर अनुदान वेळेवर येत नाही, हेही खरे आहे. राज्याच्या वित्त विभागाने 4 मे 2020 ला सगळ्याच खात्यांचा खर्च 33 टक्क्यांवर आणला आणि नवी भरती थांबवली. गेल्या डिसेंबरात तर अनुदानित शाळांतली शिपायांची नियमित पदे जाऊन त्यांच्या जागी भत्ता आला. आपल्यावर किती बाजूंनी ताण आहे याची मला जाणीव आहे, आणि ती ठेवूनच पुढचे लिहीत आहे.

आधी एक गोष्ट आठवून द्यायची आहे, कारण मंडळावरचे निम्मे सदस्य तेव्हा नव्हते. हे उपक्रम संस्थेने सुरू केलेले नाहीत. 2014 मध्ये चित्रकलेचे सर निवृत्त झाले. शिक्षकभरती 2012 पासून अडलेली होती, त्यामुळे त्यांची जागा भरली गेली नाही. संगीताला तर आपल्याकडे कधी पदच नव्हते. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिले आहे की सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक असावेत. आपल्याकडे या वर्गांत शंभराच्या कितीतरी वर मुले आहेत, निदेशक मात्र नव्हते. 2015 च्या जूनमध्ये पालकसभा झाली. मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो. एक आजोबा उठून म्हणाले, सरकार देईल तेव्हा देईल, पोरांचे वय थांबत नाही. त्या सभेत महिन्याला 50 रुपये, म्हणजे वर्षाला 600 रुपये, असा उपक्रम निधी ठरला. ज्याला जमत नाही त्याने देऊ नये, कोणाच्या मुलाला वर्गाबाहेर ठेवायचे नाही, असेही ठरले. ते इतिवृत्तात आहे.

त्या 50 रुपयांत काय उभे राहिले ते आपण पाहिले आहे. संगीताचे सर मिरजेहून सायकल आणि एसटी करत आठवड्यातून चार दिवस यायचे. तबल्याच्या आठ जोड्या आणि तीन हार्मोनियम झाल्या. माझ्या मुलाला चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत 'अ' श्रेणी मिळाली आणि दहावीला सात गुण वाढून मिळाले. पण मला त्या गुणांपेक्षा जास्त आठवतात त्या त्याच्या वह्या. गणिताच्या वहीतसुद्धा समासात त्याने कृष्णेचा घाट काढलेला असायचा. मल्लखांबाच्या वर्गात मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त झाली होती. नाटक बसवायला माजी विद्यार्थी फुकट यायचे. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये 'सीता स्वयंवर' याच गावात उभे केले, असे आपण प्रत्येक स्नेहसंमेलनात अभिमानाने सांगता. मलाही त्याचा अभिमान आहे. म्हणूनच या गावातल्या शाळेने बालनाट्य एका ओळीच्या सूचनेने बंद करावे, हे मला सहन झाले नाही.

ऑगस्ट 2019 चा महापूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेले आणि शाळेच्या तळमजल्यात शिरले. तबल्यांच्या पुड्या, म्हणजे वरची कातडी, फुगल्या, त्या ताणून धरणाऱ्या वाद्या कुजल्या, हार्मोनियमच्या भात्यांत गाळ बसला. तेव्हा पालकांच्या स्वतःच्या घरांत चिखल होता. तरी दिवाळीच्या आत आम्ही वेगळी वर्गणी काढली, मिरजेच्या कारागिरांकडून सगळी वाद्ये दुरुस्त करून घेतली आणि जी दुरुस्त होण्यासारखी नव्हती ती नवी आणली. एका पालकाने स्वतःच्या टेम्पोतून ती पोचवली, भाडे घेतले नाही. साथ आली ती त्यानंतर पाचच महिन्यांनी.

आता माझ्या तक्रारी सांगतो.

पहिली हिशेबाची, कारण हिशेब हे माझे रोजचे काम आहे. आपण म्हणता निधी नव्हता. 310 पालक निधी द्यायचे, 2020-21 मध्ये 142 पालकांनीच दिला, हे खरे. ज्यांच्या हातचे काम गेले त्यांनी कुठून द्यावा? तरी 142 जणांचे 85,200 रुपये झाले. आधीच्या वर्षाची शिल्लक 48,000 होती. दोन्ही मिळून 1,33,200. संगीत, चित्रकला आणि मल्लखांब या तिन्ही सरांचे मानधन महिन्याला 12,500, म्हणजे दहा महिन्यांचे 1,25,000. म्हणजे कोणाच्याही ताटातला घास न काढता तिघांना पूर्ण वर्षाचे मानधन देता आले असते आणि 8,200 रुपये उरले असते. प्रत्यक्षात जून, जुलै आणि ऑगस्टचे निम्मे मानधन दिले गेले, 18,750 रुपये. सप्टेंबरपासून तिघांना 'येऊ नका' असे फोनवर सांगितले. उरलेल्या रकमेतून 92,000 रुपये निर्जंतुकीकरण, तापमापक आणि ऑनलाइन वर्गांच्या सॉफ्टवेअरवर गेले. हे आकडे मला कार्यालयातल्या वहीतूनच मिळाले. पैसा कोणी खाल्ला असे मी म्हणत नाही, आणि तसा कोणी अर्थ काढू नये. सॅनिटायझर लागतच होते. पण ते संस्थेच्या खर्चाचे खाते आहे. पालकांनी तबल्यासाठी दिलेला पैसा पालकांना न विचारता दुसऱ्या खात्यावर टाकला गेला. आमच्या दुकानात एका शेतकऱ्याच्या पट्टीतली, म्हणजे त्याच्या मालाच्या विक्रीच्या हिशेबातली, रक्कम मी दुसऱ्याच्या नावे लिहिली, तर संध्याकाळच्या आत मालक मला घरी पाठवतील.

दुसरी तक्रार विचारण्याची. 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे दर वर्षी शाळा सुरू झाल्यावर पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा असतो. प्रत्येक पालक त्याचा सभासद असतो आणि कार्यकारी समिती सोडत काढून ठरते. गेल्या वर्षी संघाची सभाच झाली नाही. मुले सकाळी साडेआठपासून गूगल मीटवर बसत होती, त्याच मीटवर एका रविवारी पालकांना तासभर बोलावता आले नसते का? या वर्षीही ऑगस्ट संपत आला, सभा नाही. निर्णय मात्र झाला.

तोंडी चौकशी केली तेव्हा कार्यालयातून मला सांगितले गेले की 12 ऑगस्टच्या शासन निर्णयाने शुल्कात 15 टक्के कपात करावी लागते, म्हणून हे बंद. मी तो निर्णय वाचला. सर्वोच्च न्यायालयाने 3 मे रोजी राजस्थानातल्या शाळांच्या प्रकरणात जे सांगितले, त्याच्या आधाराने तो निघाला आहे. ज्या सोयी मुलांनी वापरल्याच नाहीत त्यांचे पैसे पालकांकडून घेऊ नयेत, हा त्यामागचा विचार. ती कपात शुल्काची आहे. उपक्रम निधी शुल्क नाही, तो आम्ही आपण होऊन देतो. पालकांवरचा भार हलका व्हावा म्हणून काढलेला निर्णय पालकांनी चालवलेल्या वर्गाला कुलूप घालायला कारण म्हणून दाखवू नये, एवढे आपल्याला पटेल असे वाटते.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी, आणि ती पैशांची नाही.

मार्च 2020 नंतर मुले घरात कोंडली गेली. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असे शासनाने म्हटले. कोणते शिक्षण सुरू राहिले? 25 टक्के अभ्यासक्रम कमी झाला तरी गणित, विज्ञान, इंग्रजी यांचे तास सकाळी झाले. ते व्हायलाच हवे होते. पण आमच्या घरी फोन एकच, आणि तो माझ्याबरोबर दुकानात जायचा. अशी घरे आपल्या शाळेत निम्म्याहून जास्त असतील. हे ओळखून संगीताच्या सरांनी आपला तास रात्री साडेआठला ठेवला, बापांचे फोन घरी परत येतात तेव्हा. ऑनलाइन तबला एकत्र वाजवता येत नाही, आवाज मागेपुढे पोचतो. सर एकेका मुलाला एकट्याने वाजवायला लावायचे, बाकीच्यांनी हातावर ताल धरायचा. वीस मुले असली की दहा वाजायचे. माझ्या मुलीकडे तबला नव्हता, शाळेतला शाळेतच होता. ती पिठाच्या डब्यावर 'धा धिं धिं धा' काढायची. त्या दिवसांत तिच्या आजीला दवाखान्यात ठेवले होते आणि आम्हाला भेटायला जाता येत नव्हते. दिवसभर न बोलणारी मुलगी साडेआठची वाट बघायची. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ते ऐकले आहे. त्या वर्गाला कोणी जादा म्हणाले की मला गलबलून येते.

सप्टेंबरात मानधन बंद झाले, तरी सरांनी नोव्हेंबरपर्यंत तास घेतला. 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, मुलांनी चौकोनाचौकोनांत बसून वीस मिनिटांचे नाटुकले केले. आपल्यापैकी कोणी ते पाहिले नाही, कारण कोणाला कळवलेच नव्हते. त्यानंतर सरांना शिकवण्या शोधाव्या लागल्या. मल्लखांबाचे सर कुपवाडच्या एमआयडीसीत कास्टिंगच्या कारखान्यात पाळीवर जातात. मल्लखांब फोनवर होत नाही, हे मलाही कळते. पण त्यांनी व्यायामाची चित्रफीत करून देतो म्हटले होते, त्यांना कोणी हो म्हटले नाही.

आणि एप्रिलमध्ये मुलीचे प्रगतिपुस्तक आले. ती वर्गोन्नत झाली, त्याबद्दल माझे म्हणणे नाही, राज्यातली पहिली ते आठवीची सगळीच मुले झाली. पण कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांपुढे 'अ' लिहिले होते. हे विषय सप्टेंबरनंतर शाळेने कोणाकडून शिकवून घेतले? न शिकवलेल्या विषयाची श्रेणी वाचून मुलीने मला विचारले, बाबा, हे कुणी बघितले? मला उत्तर देता आले नाही. आपण द्यावे.

केंद्राचे नवे शैक्षणिक धोरण 29 जुलै 2020 ला मंजूर झाले. अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय अशी भिंत नसावी, असे त्यात स्पष्ट आहे. त्या धोरणावर संस्थेने शिक्षकांसाठी ऑनलाइन व्याख्यानही ठेवले होते. भिंत पाडा म्हणणाऱ्या धोरणाचे स्वागत करायचे आणि काटकसरीची वेळ आली की पहिल्यांदा तेच चार वर्ग तोडायचे, हे एकमेकांना धरून नाही.

आता जुलैचे सांगतो, कारण त्याने मला हे पत्र लिहायला लावले.

टाळेबंदीच्या सुरुवातीलाच सरांनी विनंती केली होती की तबले आणि हार्मोनियम मुलांना घरी सरावाला द्यावेत, पालकांच्या सह्या घेऊन. कार्यालयाने सांगितले, वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायम सामानाच्या नोंदवहीत, आहेत, बाहेर देता येत नाहीत. वाद्ये तळमजल्याच्या खोलीत, खालच्या फळीवर, सव्वा वर्ष कुलपात राहिली. 22 जुलैला कोयनेकडचा पाऊस वाढला. संध्याकाळी सरांचा मला फोन आला: दिवाणजी, तबल्याची खोली उघडून वाद्ये वर न्या, यंदा पाणी येणार. सरांचा शाळेशी संबंध तोडून दहा महिने झाले होते, तरी आठवण त्यांनाच झाली. मी कार्यालयात फोन केला, उचलला गेला नाही. आम्ही तीन पालक रात्री शाळेत गेलो. खोलीची किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच सांगता येईना, कारण त्या खोलीचे काम कोणाकडेच नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी किल्ली सापडली तोवर अंगणात गुडघाभर पाणी होते. आयर्विनला पाणी या वेळी 55 फुटांच्या जवळपास थांबले, 2019 पेक्षा कमी. तेवढेही पुरले. पाच जोड्या आणि दोन हार्मोनियम गेल्या, ज्या आम्ही दोन वर्षांपूर्वी चिखलात उभे राहून वर्गणीने उभ्या केल्या होत्या.

पूर कोणाच्या हातात नाही. पण त्या खोलीला मालक राहिला नव्हता, हे आपल्या निर्णयाने झाले.

माझ्या आणि माझ्याबरोबर सही केलेल्या 87 पालकांच्या मागण्या अशा आहेत.

1. 17 ऑगस्टची सूचना मागे घ्यावी. पालक-शिक्षक संघाची सभा 15 सप्टेंबरच्या आत बोलवावी, प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन, आणि उपक्रमांचे काय करायचे ते तिथे ठरावे.

2. उपक्रम निधीचे 2019-20 आणि 2020-21 चे खाते, जमा आणि खर्च, सूचनाफलकावर लावावे. दुसऱ्या कामाला वळवलेले 92,000 रुपये संस्थेने निधीत परत जमा करावेत. एकरकमी जमत नसेल तर तीन हप्त्यांत द्यावेत, आमची हरकत नाही.

3. तिन्ही सरांचे राहिलेले मानधन द्यावे. शाळेने जूनमध्ये वर्षभरासाठी बोलावलेल्या माणसाला सप्टेंबरात फोनवर थांबवायचे, हे आपल्या शाळेला शोभणारे नाही. संगीताच्या सरांचे निदान सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे तीन महिने तरी पूर्ण द्यावेत, कारण त्या महिन्यांत त्यांनी शिकवले आहे.

4. वाद्ये, रंग आणि वाचनालयातली पुस्तके पालकांच्या सहीवर घरी न्यायची परवानगी द्यावी. डेडस्टॉक रजिस्टरला उसनवारीचा एक रकाना वाढवावा. तो आखून द्यायला मी येतो.

5. सगळे एकदम सुरू होणार नसेल तर संगीत आणि चित्रकला आधी सुरू करावी, कारण ती ऑनलाइन चालतात. मल्लखांब आणि नाटक शाळा उघडल्यावर. हा क्रम आम्हाला मान्य आहे. कायमचे बंद हे मान्य नाही.

6. शासनाकडे अर्धवेळ निदेशकांची मागणी संस्थेने लेखी करावी आणि तिची प्रत संघाला द्यावी. पालकांनी 2015 मध्ये तात्पुरते म्हणून खांदा दिला होता, सहा वर्षे झाली.

आमच्याकडून काय होईल तेही लिहितो. 142 पैकी बहुतेक पालक या वर्षीही निधी द्यायला तयार आहेत. 31 जण दुप्पट देणार आहेत, म्हणजे ज्यांचे काम अजून लागलेले नाही त्यांच्या मुलांचा वाटा निघेल. निधीचे खाते दर महिन्याला लिहून द्यायचे काम मी विनामोबदला करीन. दोन माजी विद्यार्थिनी चित्रकलेचा तास पहिले तीन महिने मानधनाशिवाय घेणार आहेत, पण सरांच्या जागी म्हणून नाही, सर येईपर्यंत.

पुरात भिजलेल्या पाच जोड्यांपैकी तीन मिरजेच्या कारागिराकडे दिल्या आहेत. लाकडी खोडे चांगली आहेत, पुड्या नव्या घालाव्या लागतील, असे ते म्हणाले. गणपतीनंतर मिळतील. पैसे पालकांनी जमवले आहेत. त्या परत आणल्यावर तळमजल्याच्या खोलीत ठेवायच्या नाहीत, एवढे आम्ही ठरवले आहे. पहिल्या मजल्यावरच्या सातवी 'ब' शेजारच्या रिकाम्या खोलीची किल्ली मिळावी, ही विनंती. किल्ली कोणाकडून घ्यायची ते कळवावे, मी दुकान सुटल्यावर आठनंतर कधीही येऊ शकतो.

आपला नम्र,
आठवीतल्या एका विद्यार्थिनीचा पालक आणि शाळेचा माजी विद्यार्थी